विनापरवाना

रात्री साडेअकराला गाडीच्या काचेवर टकटक झाली तेव्हा आम्ही तिघंही जागेच होतो. वारा असा होता की गाडी उभी असूनही चालू असल्यासारखी हलत होती. वरच्या कपाटातले चमचे दर झोताला किणकिणायचे, मग शांत व्हायचे, आणि पुढचा झोत कधी येतो याची वाट बघत आम्ही पडून राहायचो.

"पोलीस असणार," कोल्हापूरचा म्हणाला. कोचीवाल्याने दंड किती असतो ते बघायला मोबाइल काढला, पण नेट नव्हतं. दार माझ्या बाजूला असल्यामुळे मीच उघडलं.

बाहेर एक म्हातारा उभा होता. हातात बॅटरी, पायाशी कुत्रा. त्याचं इंग्रजी मला दोनदा कळलं नाही. तिसऱ्यांदा जे कळलं ते असं: तुम्ही गाडी वाऱ्याला आडवी लावली आहे, रात्रीतून वारा अजून वाढेल. शिवाय तुम्ही माझ्या फाटकापुढे उभे आहात आणि सकाळी सहाला मला मेंढ्यांचा ट्रेलर बाहेर काढायचाय. मी माफी मागायला लागलो तर त्याने हात हलवून ती उडवून लावली आणि म्हणाला, गोठ्यामागे या, तिथे आडोसा आहे. गाडीचं तोंड वाऱ्याकडे करा. तो बॅटरी घेऊन पुढे चालत गेला, आम्ही मागून पहिल्या गिअरमध्ये.

सकाळी उठलो तेव्हा तो कधीच निघून गेला होता. आईने पाठवलेल्या चिवड्याचं शेवटचं पाकीट आम्ही त्याच्या दाराशी, दगडाखाली दाबून ठेवलं.

ही गोष्ट मी नंतर खूप जणांना सांगितली. ऑफिसात, घरी, इन्स्टावर. फोटोला बरेच लाइक मिळाले. चारच महिन्यांनी या गोष्टीकडे मला वेगळ्या नजरेनं बघावं लागलं आणि तेव्हापासून ती कुणाला सांगितलेली नाही. आज सांगतोय, कारण तिच्या मागे दुसरी एक गोष्ट आहे आणि ती मी कुठेच टाकलेली नाही.

आधी पहिलीबद्दल थोडं. प्रोजेक्टसाठी मी सहा महिने एडिंबरोला होतो. सप्टेंबरात तिघांनी मिळून कॅम्पर व्हॅन भाड्यानं घेतली आणि स्काय बेटावर गेलो. आपण सगळ्यालाच कॅराव्हॅन म्हणतो, पण तिकडे कॅराव्हॅन म्हणजे गाडीच्या मागे ओढायची चाकांवरची खोली, आणि आमची होती ती स्वतःच चालणारी. आत शेगडी, सिंक, दुमडून बेड होणारी सीट आणि संडासाची एक पेटी. ही पेटी दोन दिवसांनी ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करावी लागते. तिची पाळी कुणाची यावरून आमच्यात जेवढी भांडणं झाली तेवढी पैशांवरूनही झाली नाहीत. इन्स्टावर या पेटीचा फोटो कुणी टाकत नाही.

स्काय स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला लागून आहे. १९९५ मध्ये पूल झाला आणि बेटावर गाडी थेट जाऊ लागली. झाडं कमी, डोंगर बोडके, आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला काही नाही. बरेचसे रस्ते एकाच गाडीपुरते. समोरून कुणी आलं की बाजूला काढलेल्या फुगीर जागेत थांबायचं, तो पुढे गेला की हात वर करायचा. पहिल्या दिवशी ही पद्धत मला फार आवडली. रस्ता एकाचाच आहे, पण दोघांनाही जायचंय, मग कुणीतरी थांबा. आपल्या गावाकडच्या पांदण रस्त्यावर दोन बंड्या समोरासमोर आल्या की हेच होतं, फक्त तिथे हात वर करण्याआधी थोडी बाचाबाची होते.

बेटावर ठिकठिकाणी पडकी दगडी घरं दिसतात. छप्पर नाही, आत गवत, गवतावर मेंढ्या. आम्ही त्यांच्यापुढे फोटो काढले. ती कुणाची घरं ते नंतर वाचलं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तिथल्या जमीनदारांच्या लक्षात आलं की कुळांकडून येणाऱ्या खंडापेक्षा मेंढ्यांच्या लोकरीत जास्त पैसा आहे. मग कुळं हटवली गेली. गावंच्या गावं उठली, कितीतरी लोक जहाजांतून कॅनडा-ऑस्ट्रेलियाकडे गेले. स्कायवर १८८२ मध्ये ब्रेज भागातल्या लोकांनी, चराईच्या डोंगराच्या हक्कावरून, ग्लासगोहून आलेल्या पोलिसांवर दगडफेक केली. त्यात बायका पुढे होत्या. त्यानंतर सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८८६ मध्ये तिथल्या छोट्या शेतकऱ्यांना जमिनीवरून कुणी उठवू नये म्हणून कायदा झाला. आमच्या दारावर टकटक करणारा म्हातारा कदाचित अशाच एखाद्या टिकून राहिलेल्या घराण्यातला असेल. मी विचारलं नाही.

आता दुसरी गोष्ट.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. घरचं वावर चार एकर. जानेवारीत मी सुट्टीवर घरी आलो तेव्हा आमच्या धुऱ्याला लागून असलेल्या मोकळ्या वावरात काठेवाडींचा डेरा उतरला होता. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: काठेवाडी म्हणजे कच्छकडचे रबारी. नाव काठेवाडी पडलं असलं तरी बहुतेक कच्छचे. मेंढ्या-शेळ्या, काही उंट, उंटांवर उलट्या बांधलेल्या खाटा, खाटांवर गाठोडी, कोंबड्या आणि कधीकधी एखादं लेकरू. बायकांचे काळे लोकरी कपडे उन्हातही अंगावर. यांतल्या अनेक कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या इकडेच फिरण्यात गेल्या आहेत. पावसाळ्यात झुडपी जंगलाच्या कडेनं, पिकं निघाली की मोकळ्या वावरांतून. गुजरातला ते जातात, पण लग्नाकार्याला. म्हणजे मी पुण्याहून जसा गावी येतो तसे.

लहानपणी डेरा आला की आम्ही उंट बघायला पळायचो. तेव्हा गावातले लोक त्यांना बोलावून घ्यायचे. रात्रभर वावरात मेंढ्या बसवल्या की लेंडीखत आपोआप पडतं, वर मेंढ्यांचं मूत मुरतं, पुढच्या खरिपाला जमीन बोलते. बदल्यात शेतकरी त्यांना ज्वारी-गहू द्यायचा, किंवा रात्रीचे पैसे. माझ्या आजोबांनी कित्येकदा मेंढ्या बसवल्या होत्या. नंतर युरियाच्या बॅगा आल्या, ज्वारी गेली, सोयाबीन आलं, ओलिताखाली रब्बी वाढली आणि वावरं मोकळी राहण्याचे महिने कमी झाले. गावची ई-क्लास जमीन, म्हणजे सरकारी चराईची, थोडी थोडी करत कुणाकुणाच्या वहितीत गेली. जिल्ह्यातल्या बोर अभयारण्याचा २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, तिकडची चराईही आवळली. मेंढी तीच, तिचं पोट तेवढंच, आणि उभं राहायला जागा मात्र दरवर्षी कमी.

त्या रात्री मेंढ्या धुरा ओलांडून आमच्या चन्यात घुसल्या. सकाळी बाबा वावरातून आले ते लालबुंद होऊनच. "धुऱ्याजवळचे सहा-सात तास साफ केले त्याईनं," म्हणाले. मी जाऊन बघितलं. खरंच होतं. घाटे भरायला आलेला चना बुडापासून खुरडलेला. सहा-सात तास म्हणजे लाखाचं नुकसान नाही, पण चार एकरांत तेवढंही मोजावं लागतं. डेऱ्यातला म्हातारा आला, हात जोडले, अर्धी हिंदी अर्धी मराठी बोलला. पोरगा झोपला होता म्हणाला, नुकसान भरून देतो म्हणाला. बाबांनी आकडा सांगितला. त्याने निम्मा सांगितला. बोलणं तिथंच तुटलं.

संध्याकाळी पारावर आणखी चार जण जमले. कुणाची तूर खाल्ली होती, कुणाच्या विहिरीवर पाणी पाजलं होतं. एकजण म्हणाला चोऱ्या वाढल्यात. कुणाची काय चोरी झाली असं कुणी विचारलं नाही. मीही नाही. मग बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला हायेस नं, एक चांगला अर्ज करून दे."

आणि मी तो करून दिला.

इथे मला थोडं थांबायला हवं, कारण नंतर मी स्वतःला बरीच कारणं दिली. वडिलांचं ऐकलं, गावाचं काम होतं, नुकसान खरंच झालं होतं. सगळं बरोबर आहे. पण खरं सांगायचं तर मला तो अर्ज लिहिताना मजा आली. दिवसभर इंग्रजीत ईमेल लिहिणाऱ्या माणसाला मराठीत 'उपरोक्त विषयान्वये' लिहिताना एक वेगळीच ताकद वाटते. मी मुद्दे पाडले. नुकसानीचे फोटो जोडले, त्यावर तारीख-वेळ टाकली. आणि पहिल्याच वाक्यात लिहिलं की सदर इसम मौजा अमुक येथील शेतजमिनीवर 'विनापरवाना' वास्तव्य करून आहेत. तेवीस सह्या झाल्या, प्रत्येकीपुढे मोबाइल नंबर. दुसऱ्या दिवशी अर्ज तालुक्याला गेला. त्याच्या पुढच्या दिवशी एक शिपाई मोटरसायकलवर आला, दहा मिनिटं बोलला, चहा पिऊन गेला. संध्याकाळपर्यंत खाटा पुन्हा उलट्या होऊन उंटांवर चढल्या होत्या. म्हातारा निघताना बाबांकडे आला आणि पाचशे रुपये देऊन गेला. बाबांनी ते घेतले. त्या रात्री अवकाळी आला, गारांसकट. मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं आणि मला स्कायवरची रात्र आठवली. चमच्यांची किणकिण अगदी स्पष्ट.

चार दिवसांनी शेजारच्या वावराच्या मालकाचा बाबांना फोन आला. ते नागपूरला राहतात. डेरा कुठे गेला विचारत होते. त्यांनीच काठेवाडींना बोलावलं होतं, वावरात पंधरा दिवस मेंढ्या बसवायला. धान्याचं ठरलंही होतं.

म्हणजे डेऱ्याकडे परवाना होता. जमीनमालकाचा. 'विनापरवाना' हा शब्द मी कुणालाही न विचारता टाइप केला होता, कारण तो तिथे शोभत होता. आणि स्कायवर, ज्या रात्रीची मी माणुसकीची गोष्ट करून सांगत होतो, त्या रात्री विनापरवाना कोण होतं? आम्ही.

हे मी अक्षरशः तपासलं. स्कॉटलंडमध्ये २००३ चा जमीन सुधारणा कायदा आहे. त्यानुसार कुणालाही, जबाबदारीने वागण्याच्या अटीवर, बहुतेक मोकळ्या जमिनीवरून चालण्याचा आणि तंबू ठोकण्याचाही हक्क आहे, जमीन कुणाचीही असो. पण हा हक्क पायी फिरणाऱ्याला, सायकलवाल्याला, घोडेस्वाराला. मोटारगाडीला नाही. आम्ही दुसऱ्याच्या फाटकापुढे गाडी लावून, त्याची वाट अडवून झोपलो होतो. त्याने पोलिसांना फोन केला असता तर तो बरोबर ठरला असता. त्याने आडोसा दिला.

मग तेव्हापासून डोक्यात घोळतंय की एकाच्या मुक्कामाला आपण सहल म्हणतो आणि दुसऱ्याच्या मुक्कामाला अतिक्रमण, ते नेमकं कशावरून?

पहिलं सोपं उत्तर, नुकसान. त्यांनी चना खाल्ला, तुम्ही काय खाल्लं? पण स्कायच्या लोकांना विचारा. उन्हाळ्यात बेटावर एवढ्या गाड्या येतात की त्या अरुंद रस्त्यांवर स्थानिकांना जाणं मुश्कील होतं, आणि संडासाच्या त्या पेट्या सगळेच ठरलेल्या जागी रिकाम्या करतात असं नाही. उलट मेंढी खाते तसं परतही देते. आमच्या गाडीने त्या बेटाच्या मातीला काहीही दिलं नाही. शिवाय नुकसान झालं तर भरपाई मागता येते. बाबांनी मागितलीच होती आणि घासाघीस चालू होती. घासाघीस म्हणजे दोन माणसं एकमेकांना माणूस समजत असल्याची खूण आहे. अर्जामुळे ती संपली.

दुसरं उत्तर, पैसे. पर्यटक पैसे सोडून जातो. खरंय. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणच आणलं. गाड्या उभ्या करायला पार्क, पाणी, वीज, सुरक्षितता. चांगली गोष्ट आहे, मी स्वतः कोकणात अशी गाडी घेऊन जायच्या विचारात आहे. पण चाकांवरच्या घरासाठी धोरण आहे आणि उंटावरच्या घरासाठी कुणाला साधी पाण्याची जागा राखून ठेवावीशी वाटत नाही, हे एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा. आणि पैशांचंच म्हणाल तर काठेवाडीही गावात पैसा सोडतो. किराणा घेतो, खत देतो, पाचशे रुपयेही देऊन जातो.

तिसरं उत्तर मला बरेच दिवस पटलं होतं. ते असं की जो परत जाणार याची खात्री असते त्याला आपण थांबू देतो. पर्यटक रविवारी रात्री घरी जाईल. पण मग लक्षात आलं, डेरा तर पर्यटकापेक्षा नेमाने जातो. चारा संपला की त्याला जावंच लागतं, तो राहूच शकत नाही. आपल्याला जाण्याची खात्री नको असते, पत्त्याची हवी असते. व्हॅन देताना कंपनीनं माझ्याकडून पासपोर्ट, परवाना, कार्ड, अनामत रक्कम सगळं घेतलं होतं. मी कुठेही रात्र काढली तरी मला पकडायला एक दोरी कुठेतरी बांधलेली होती. ज्याची दोरी दिसत नाही त्याची भीती वाटते. ही भीती जुनी आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला तेव्हा कितीतरी भटक्या जमातींची जन्मतःच गुन्हेगार म्हणून नोंद झाली. हजेरी द्या, पास घेतल्याशिवाय हलू नका. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पारावरचं 'चोऱ्या वाढल्यात' हे वाक्य कुठल्याही कायद्याने रद्द होत नाही. आणि हे फक्त आपल्याकडेच असंही नाही. इंग्लंडमध्ये २०२२ च्या एका कायद्यानंतर, दुसऱ्याच्या जागेत गाडी लावून राहिलेला माणूस सांगूनही हलला नाही आणि त्याच्यामुळे मोठा त्रास होतोय असं ठरलं, तर तो गुन्हा आहे आणि त्याचं राहतं वाहनही जप्त होऊ शकतं. त्याचा सगळ्यात जास्त धसका तिथल्या पिढीजात भटक्या समाजांनी घेतला. हौसेने फिरणाऱ्यांनी तो घेतल्याचं मी ऐकलं नाही. गाडी तीच, आत कोण बसलंय यावर सगळं.

पण पत्त्याचं उत्तरही पुरत नाही. कारण मी वर्ध्याचा आहे.

वर्ध्याच्या पोराला शाळेची सहल म्हणजे सेवाग्राम आणि पवनार. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे. १९५१ मध्ये विनोबा इथून पायी निघाले, तेलंगणात गेले, तिथे पोचमपल्लीला १८ एप्रिलला एका जमीनदाराने शंभर एकर जमीन दिली आणि भूदान सुरू झालं. मग हा माणूस देशभर चालतच राहिला. पवनारला परतला तो १९६४ मध्ये. तेरा वर्षं रोज नवं गाव, रोज नवा मुक्काम. गावाबाहेर कमानी उभारून लोक त्यांची वाट बघायचे. आणि ते मागत काय होते? जमीन. गावात एक अनोळखी माणूस पायी येतो, जमिनीवरच बोट ठेवतो, आणि आपण त्याला ओवाळतो. वारीचंही तसंच. पालखीच्या वाटेवरच्या शेतांत हजारो लोक उतरतात, शेतकरी त्यांना पिठलं-भाकरी घालतो, वारकऱ्यांच्या पायाखाली काही तास गेले तर त्याचा हिशोब कुणी मागत नाही.

म्हणजे चालणाऱ्याचं आपल्याला वावडं नाही. देवासाठी चाललेला चालतो. तत्त्वासाठी चाललेला चालतो. आता मजेसाठी चाललेलाही चालायला लागलाय, रील बनवतो म्हणून थोडं हसतो, पण चालतो. आपल्याला खटकतो तो पोटासाठी चालणारा. त्यातही ऊसतोडणीला बैलगाडीतून जाणारा खटकत नाही, कारण त्याला कुणीतरी कामावर बोलावलेलं असतं आणि तो कुणाच्या तरी ताब्यात असतो. काठेवाडी कुणाच्याही ताब्यात नसतो. त्याचं पोट त्याच्या बरोबर चालतं, आणि दोनशे मेंढ्यांची पोटंही.

विनोबांची आणि त्या म्हाताऱ्याची तुलना केल्याबद्दल गावातला एक निवृत्त मास्तर माझ्यावर चिडला. त्याचा मुद्दा खोडून काढणं सोपं नाही. विनोबा स्वतःसाठी काही मागत नव्हते, तो म्हणाला. हे काठेवाडी आपल्या मेंढ्यांसाठी मागतात. मी बराच वेळ गप्प बसलो. मग वाटलं, याचा अर्थ असा होतो की स्वतःच्या भुकेसाठी काही मागणारा माणूस आपोआप कमी दर्जाचा. हे जर खरं असेल तर चार एकराचा माझा बापही कमी दर्जाचा, कारण तोही सहा-सात तासांसाठीच भांडत होता. हे मी मास्तरांना बोललो नाही. त्यांनी चहा मागवला होता.

बाबांना खलनायक करून मला हा लेख संपवायचा नाही. तसं केलं तर फार सोपं होईल. शहरात राहणारा, पगार घेणारा मुलगा गावच्या बापाला माणुसकी शिकवतो, ही गोष्ट मराठीत पुरेशी लिहून झालीय. बाबांचं नुकसान झालं होतं, त्यांनी समोरच्याशी तोंडावर भांडण केलं होतं, निम्म्या आकड्यावरून दुसऱ्या दिवशी मधल्या आकड्यावर आलेही असते. त्यांना माहीत होतं की हा माणूस पुढच्या वर्षी पुन्हा येणार आहे. त्या भांडणात काळाचा हिशोब होता. मी तीन दिवसांसाठी आलो होतो आणि मला ते तीन दिवसांत सोडवायचं होतं. तिकीट उघडलं, तिकीट बंद केलं. त्या प्रकरणात गावाबाहेरचा माणूस काठेवाडी नव्हता.

आणि कागदाची ताकद काय असते ते मला ठाऊक असायला हवं होतं. जानेवारी २०२२ मध्ये, आमच्यापासून फार लांब नाही, शेजारच्या अमरावती जिल्ह्यात पोलिसांनी कच्छी पशुपालकांचे ५८ उंट ताब्यात घेतले होते. तक्रार होती की हे उंट कत्तलीसाठी हैदराबादला चाललेत. उंट गोरक्षणात ठेवले गेले आणि मालक कोर्टाच्या फेऱ्या मारू लागले, हे उंट आमचे आहेत, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या असेच फिरतो, हे सिद्ध करायला. अखेर कोर्टाने उंट परत दिले. ती बातमी मी तेव्हा वाचली होती आणि वाईट वाटून घेतलं होतं. दोन वर्षांनी माझ्या हातून अर्ज झाला तेव्हा ती आठवली नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी घरी गेलो तेव्हा बाइक घेऊन दोन दिवस फिरलो. आर्वीपासून कारंजा घाडगेच्या बाजूला एका तलावाच्या पोटात डेरा दिसला. आमच्याकडे आलेला नव्हता, दुसराच. तरी थांबलो. खाटेवर बसवलं, चहा दिला, शेळीच्या दुधाचा. मी त्या म्हाताऱ्याचं वर्णन सांगितलं. त्यांनी आपसात कच्छीत बरंच बोलून घेतलं आणि म्हणाले की असे म्हातारे खूप आहेत. मी कुठे राहतो विचारलं. पुण्यात, म्हटलं. घर स्वतःचं? नाही, भाड्याचं. किती वर्षं झाली त्याच घरात? मी हिशोब केला. पाच वर्षांत चार घरं. त्यातली एक बाई हसली आणि आत कुणाला तरी ते सांगायला गेली.

काय झालं होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. जीभ उचलली नाही. सांगून मला हलकं वाटलं असतं, त्यांना काय मिळालं असतं?

अर्जाची फाइल लॅपटॉपवर अजून आहे. नाव 'अर्ज_फायनल_२'. मागच्या आठवड्यात बाबांचा फोन आला, इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "यंदा शेणखताची ट्रॉली लई महाग झाली. वावरात मेंढ्या बसवाव म्हणतो. त्या काठेवाडीचा नंबर हाये का तुयाजवळ?"

फाइल उघडून बघितली. तेवीस नंबर आहेत. त्याचा नाही.